जुनी गाडी आणि उतरलेली बॅटरी: चार्जिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फियाट, पद्मिनी, ॲम्बेसिडर, हेराल्ड, जीप. गाड्या वेगवेगळ्या, पण मालकांची तक्रार बहुतेक वेळा एकच: "बॅटरी नवीन टाकली तरी उतरते." वर्षानुवर्षं येत राहिलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली आलेलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. आकडे १२ व्होल्टच्या गाड्यांचे आहेत. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप ६ व्होल्टची. तिचं वायरिंग नंतर बदललेलं नसेल तर व्होल्टचे आकडे निम्मे धरा.

१. माझ्या गाडीत डायनामो आहे की अल्टरनेटर, हे कसं ओळखू? आणि फरक काय पडतो?

बॉनेट उघडा. बेल्टवर फिरणारा लांबट, डब्यासारखा बंद लोखंडी सिलिंडर दिसला, त्याच्या मागे दोनच टर्मिनल असली आणि फायरवॉलवर किंवा मडगार्डच्या आतल्या बाजूला एक वेगळी काळी डबी असली, तर तो डायनामो. त्या डबीला आपल्याकडे सगळे मेकॅनिक 'कट-आउट' म्हणतात. खरं तर आत कट-आउट (डायनामो पुरेसा व्होल्ट देत नसेल तेव्हा त्याला बॅटरीपासून तोडणारा आपोआप चालणारा स्विच) आणि व्होल्टेज रेग्युलेटर (व्होल्ट मर्यादेत ठेवणारा) असे दोघे शेजारी राहतात. आखूड, जाडसर, ॲल्युमिनियमच्या जाळीदार तोंडांचा असेल तर तो अल्टरनेटर.

डायनामोत करंट फिरत्या आर्मेचरमध्ये तयार होतो आणि कॉम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, घासणाऱ्या कार्बन ब्रशमधून बाहेर येतो. अल्टरनेटरमध्ये उलटं आहे: चुंबक फिरतो, करंट स्थिर स्टेटरमध्ये तयार होतो आणि डायोड त्याला एकाच दिशेला लावतात. मोठा करंट ब्रशमधून जावा लागत नसल्याने अल्टरनेटर जास्त वेगाने फिरवता येतो, म्हणून तो आयडलला बरंच काही देतो. डायनामो आयडलला जवळजवळ काहीच देत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर खालचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

२. माझ्याकडे फक्त साधा मल्टिमीटर आहे. सुरुवात कुठून करू?

तेवढा पुरे. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, बॅटरीजवळ विडी-सिगारेट नको. मग मीटर थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर लावून तीन रीडिंग घ्या. टर्मिनलच्या क्लॅम्पवर लावू नका, कारण दोष क्लॅम्प आणि खांब यांच्या मधेच असू शकतो.

पहिलं, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर इंजिन बंद असताना. दुसरं, सेल्फ मारताना. तिसरं, इंजिन सुरू करून आयडलपेक्षा बऱ्यापैकी रेस दिल्यावर, आधी लाइट बंद ठेवून आणि मग हेडलाइट लावून. पहिली दोन बॅटरीबद्दल सांगतात (प्रश्न ३). तिसरं रीडिंग लाइट बंद असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट आलं आणि हेडलाइट लावल्यावर १३.५ च्या खाली फारसं गेलं नाही, तर चार्जिंग ठीक आहे, चोर दुसरीकडे शोधा (प्रश्न १०). रेस देऊनही आकडा पहिल्या रीडिंगच्या वर चढलाच नाही तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर जास्त होतंय (प्रश्न ११).

हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा. "डायनामो गेला वाटतं" म्हणून फोन करणाऱ्यांना मी पहिल्यांदा हे आकडेच विचारतो आणि बहुतेकांकडे ते नसतात.

३. बॅटरी खराब आहे की गाडी तिला चार्ज करत नाही, हे कसं कळणार?

पूर्ण चार्ज झालेली, काही तास शांत ठेवलेली शिसे-आम्ल बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फसवा असतो. एखादा मिनिट हेडलाइट लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

आता सेल्फ मारून पाहा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना १० च्या आसपास खाली आली तर चालेल. १२.६ वरून थेट ८ वर कोसळली तर ती आतून गेली आहे. बुचं असलेली बॅटरी असेल तर हायड्रोमीटर सगळ्यात प्रामाणिक. पाच घरं सारखी आणि एकच घर बरंच खाली आलं, तर ते घर मेलं. बाकी पाच घरांकडे बघून तिला जीव लावू नका.

आणखी एक गोष्ट. पार उतरलेली बॅटरी डायनामोच्या भरवशावर भरू नका. डायनामो राखण्यासाठी आहे, उपाशी बॅटरीला जेवू घालण्यासाठी नाही. बाहेरच्या चार्जरवर क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ४० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ४ अँपिअरने, रात्रभर लावा आणि मग चाचण्या करा. अर्धवट बॅटरीवर घेतलेल्या रीडिंगवरून केलेलं निदान पुन्हा करावं लागतं.

४. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला म्हणजे चार्जिंग होतंय ना?

नाही, किंवा निदान तेवढ्यावर नाही. त्या दिव्याचं एक टोक इग्निशन स्विचमधून बॅटरीला आणि दुसरं डायनामोच्या आउटपुटच्या म्हणजे 'डी' टर्मिनलला जोडलेलं असतं. चावी फिरवली की डायनामोचं टोक शून्यावर असतं म्हणून दिवा लागतो. डायनामो फिरून बॅटरीइतका व्होल्ट देऊ लागला की दोन्ही टोकं सारखी होतात आणि दिवा विझतो. म्हणजे तो फक्त 'दोन्ही बाजू सारख्या आहेत' एवढंच सांगतो. अडीच अँपिअर चाललाय की वीस, हे त्याला माहीत नाही.

म्हणून दिवा विझलेला असूनही बॅटरी उतरणं शक्य आहे: रेग्युलेटर खाली सेट केलेला असेल, बेल्ट लोडवर घसरत असेल किंवा लाइटांचा खर्च कमाईपेक्षा जास्त असेल (प्रश्न १२). अँपिअर-मीटर असलेल्या गाडीत चित्र जास्त स्पष्ट दिसतं. सुरू केल्यावर काटा चार्जकडे झुकतो आणि थोड्या वेळाने मधल्या रेषेजवळ येतो. तो मधे आला म्हणजे डायनामो गेला असं समजून घाबरणारे दर महिन्याला भेटतात. बॅटरी भरली की काटा मधे येणारच.

५. आयडलला दिवा मिणमिणतो, रेस दिली की विझतो. हा दोष आहे का?

डायनामोच्या गाडीत हा दोष नाही, हे त्याचं नेहमीचं वागणं आहे. आयडल फारच खाली असेल तर कार्ब्युरेटरच्या स्क्रूने थोडं वर घ्या. अल्टरनेटरच्या गाडीत मात्र आयडलला मिणमिणणारा दिवा दिसला तर प्रश्न १३ वाचा.

६. सगळ्यात आधी बेल्ट बघ, असं प्रत्येकजण सांगतो. बेल्ट नेमका कसा बघायचा?

दोन पुलींमधल्या सगळ्यात लांब पट्ट्यावर अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटर दबला पाहिजे. बेल्टच्या बाजू चकचकीत, काचेसारख्या झाल्या असतील तर तो ताणूनही घसरेल. तो बदला. बेल्ट पुलीच्या खाचेच्या तळाला टेकत असेल तर तोही झिजला. तो दोन्ही बाजूंनी पकडायला हवा, तळावर बसायला नको.

किरकिर बंद व्हावी म्हणून बेल्ट गिटारच्या तारेसारखा ताणणारे लोक डायनामोचं पुढचं बेअरिंग खातात. डायनामोच्या मागच्या बुशाला तेल सोडायचं छोटं भोक असतं. सर्व्हिसिंगला तिथे इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब टाका. जास्त नको, ते तेल कॉम्युटेटरवर उतरतं.

७. रेस देऊनही लाल दिवा जळतच राहतो. डायनामो गेला की कट-आउट?

याचं उत्तर दहा मिनिटांत मिळतं. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या धर्तीच्या डायनामोसाठी पद्धत अशी. इंजिन बंद करा. डायनामोवरच्या 'डी' आणि 'एफ' (चुंबक तयार करणाऱ्या फील्ड कॉइलची) या दोन्ही वायरी काढून बाजूला ठेवा. ती दोन टर्मिनल उघड्या तारेच्या छोट्या तुकड्याने एकमेकांना जोडा. मीटरचं एक टोक त्या तारेला आणि दुसरं डायनामोच्या अंगाला लावा, गाडीच्या बॉडीला नव्हे. इंजिन सुरू करून अगदी हळूहळू रेस द्या. काटा झरझर आणि न थबकता चढला पाहिजे. २० व्होल्टच्या पुढे नेऊ नका. त्यासाठी इंजिन हजार फेऱ्यांच्या आसपास नेलं तरी पुरतं.

व्होल्टेज असं चढलं तर डायनामो धडधाकट आहे. दोष वायरीत किंवा कट-आउटच्या डबीत आहे. दोन्ही वायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत मीटरच्या बझरवर तपासा आणि हार्नेस हलवत हलवत तपासा, कारण जुन्या वायरी आतून तुटून बाहेरून धडधाकट दिसतात.

व्होल्टेज चढलंच नाही तर आकडा वाचा. अर्धा ते एक व्होल्ट आला तर फील्ड कॉइलमध्ये खोट आहे. चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचर संशयित. पार शून्य आला तर आधी ब्रश बघा (प्रश्न ८).

ही चाचणी प्रत्येक डायनामोला लागू नाही. लुकासमध्ये फील्डचं दुसरं टोक आतूनच अंगाला म्हणजे अर्थला जोडलेलं असतं, म्हणून 'एफ'ला 'डी'शी जोडतात. विलिस जीपच्या मूळ डायनामोत रचना उलटी आहे. तिथे 'एफ' अर्थला टेकवायचा. मूळ इटालियन फियाट डायनामोवर अक्षरांऐवजी ५१ आणि ६७ असे आकडे असतात. ५१ हे आउटपुट, ६७ फील्डचं. गाडीत पूर्वी कुणी काय बसवलंय ते आधी बघून घ्या, कारण पन्नास वर्षांत बहुतेक गाड्यांचे डायनामो एकदा तरी बदललेले असतात.

८. डायनामो खोलला आहे. आत काय बघू?

ब्रश पहिल्यांदा. ते होल्डरमध्ये मोकळे सरकले पाहिजेत. काजळी आणि तेलाने चिकटून बसलेले ब्रश हा अगदी नेहमीचा दोष, आणि त्यासाठी सुटे भाग लागत नाहीत, पेट्रोलमध्ये बुडवलेलं फडकं लागतं. ब्रश सात-आठ मिलिमीटरपर्यंत झिजले असतील तर जोडी बदला आणि स्प्रिंगही बघा. तापून नरम पडलेली स्प्रिंग नव्या ब्रशलाही नीट दाबत नाही.

कॉम्युटेटर गुळगुळीत आणि तपकिरी हवा. काळा पडला असेल तर बारीक काच-पेपरने पुसा. एमरी पेपर अजिबात वापरू नका, त्याचे कण वीज वाहतात आणि तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकून बसतात. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या थोडा खाली, साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर असायला हवा. तो वर आला असेल तर हॅक-सॉच्या जुन्या पात्याने खाच काढतात. पण हे काम ज्याने केलंय त्याच्याकडूनच करून घ्या.

'एफ' टर्मिनल आणि अंग यांच्यात मोजलेला रोध लुकासच्या सी-४० जातीच्या डायनामोत ६ ओहमच्या जवळपास येतो. पार शून्याजवळ आला तर फील्ड कॉइल शॉर्ट, अनंत आला तर तुटलेली. ती पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर अजून आहेत. मोटर रिवाइंडिंगवाल्याला विचारा, ऑटोवाल्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

९. गाडी तीन वर्षं उभी होती. सगळं तपासलं, तरी डायनामो जागाच होत नाही.

डायनामोला सुरुवात करायला फील्डच्या लोखंडात उरलेलं थोडंसं चुंबकत्व लागतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली, डायनामो खोलून ठोकला गेला किंवा बॅटरी उलटी जोडली गेली तर ते जातं किंवा उलटं होतं. लुकासच्या बाबतीत उपाय सोपा आहे: डायनामोवरची 'एफ' वायर काढा आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या खांबावरून आणलेली वायर 'एफ' टर्मिनलला एक-दोन सेकंद टेकवा. छोटी ठिणगी उडते. झालं काम. वायर परत जोडा आणि प्रश्न ७ ची चाचणी करा. वर सांगितलेल्या उलट्या रचनेच्या डायनामोवर ही पद्धत वापरू नका.

बॅटरीच्या दिशा बदलल्या (प्रश्न १५) तर हे करावंच लागतं. अल्टरनेटरला या सगळ्याची गरज नाही. त्याला सुरुवातीचा करंट लाल दिव्यातून मिळतो.

१०. चालताना चार्जिंग उत्तम, पण सकाळी बॅटरी उतरलेली. वीज जाते कुठे?

इंजिन बंद, चावी काढलेली, दारं बंद. बॅटरीची अर्थची वायर काढून तिच्या आणि खांबाच्या मधे मीटर अँपिअरवर लावा. आधी मोठ्या रेंजवर ठेवा, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. घड्याळ किंवा म्युझिक सिस्टीम नसलेल्या जुन्या गाडीत आकडा शून्य हवा. सिस्टीम असेल तर वीस-पन्नास मिलिअँपिअर समजू शकतो. त्याहून जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. आकडा पडला ती लाइन दोषी. डिकीतला दिवा, अडकलेला ब्रेक-लाइट स्विच आणि नंतर कुणीतरी हौसेने बसवलेला हॉर्न-रिले हे नेहमीचे गुन्हेगार. गाडीला फ्यूज दोन-चारच आणि बऱ्याच लाइनी फ्यूजशिवाय असतील, तर सगळे फ्यूज काढल्यावरही आकडा हलणार नाही. तेव्हा चार्जिंगच्या बाजूलाच बघा.

तिथे दोन जागा. डायनामोच्या गाडीत कट-आउटचे पॉइंट चिकटले असतील तर इंजिन बंद झाल्यावर बॅटरीच डायनामोला मोटरसारखी फिरवू पाहते. बेल्ट त्याला धरून ठेवतो, तो फिरत नाही आणि नुसता तापतो. बंद गाडीच्या डायनामोतून जळका वास आला तर प्रश्न न विचारता बॅटरीची वायर काढा, गाडी पेटू शकते. अल्टरनेटरच्या गाडीत डायोड गळत असेल तर तसंच घडतं, पण हळू. रात्री उभी केलेली गाडी सकाळी उघडून अल्टरनेटरवर हात ठेवा. इंजिन गार आणि अल्टरनेटर कोमट असेल तर निदान झालं.

११. बॅटरीचं पाणी सारखं आटतं, बल्ब फुटतात. हे कशामुळे?

जास्त चार्जिंग. रेस दिल्यावर बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर आकडा दिसेल आणि सडक्या अंड्यांसारखा वास येईल. अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर गेलेला असतो किंवा त्याचं अर्थिंग सुटलेलं असतं. आधी अर्थिंग बघा, ते फुकट आहे.

डायनामोच्या डबीत कुणीतरी स्क्रू फिरवलेला असण्याची शक्यता फार मोठी. "थोडा वर घेतला की लाइट झकास लागतात" असं सांगून डबी उघडणारे कमी नाहीत. लुकासच्या आरबी १०६ जातीची डबी तपासायची असेल तर बॅटरी जोडलेली असताना नाही. कट-आउटच्या पॉइंटमध्ये कागद सरकवून डायनामो सुटा करतात आणि 'डी'वर मोजतात. २० अंश तापमानाला १६ ते १६.५ व्होल्टच्या आसपास आकडा येतो. विदर्भातल्या मे महिन्यात तो थोडा खाली दिसेल, कारण ती डबी तापमानानुसार मुद्दाम बदलते. मोजणी अर्ध्या मिनिटात उरका, नाहीतर कॉइल तापून आकडा सरकतो. १६ हा आकडा बघून लोक दचकतात. तो बॅटरीशिवायचा आकडा आहे, बॅटरी जोडली की तो खाली येतो. कट-आउटचे पॉइंट जुळण्याचा आकडा १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान हवा.

उलटी तक्रारही येते. नव्या पद्धतीची, पाणी न लागणारी बॅटरी जुन्या डायनामोवर कधीच पूर्ण भरत नाही, कारण तिला थोडा जास्त व्होल्ट लागतो. डायनामोच्या गाडीला बुचांची साधी बॅटरीच टाका, असं माझं मत आहे. महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटर टाकायचा कंटाळा असेल तर जुनी गाडी तरी कशाला ठेवायची?

१२. उन्हाळाभर काही त्रास नाही, पावसाळा आला की बॅटरी उतरते. पाणी कुठे शिरतं का?

शिरतही असेल, पण आधी हिशेब करा. २२ अँपिअरचा डायनामो पूर्ण जोरात जेमतेम २९० वॉट देतो, आणि तेही चांगल्या वेगात. आता जुलैतली रात्र, घाटात ट्रॅफिक जाम. मूळचे ४५ वॉटचे दोन हेडलाइट काढून कुणी १०० वॉटचे हॅलोजन लावलेत: २०० वॉट, म्हणजे पंधरा-सोळा अँपिअर. वायपर तीन, इग्निशन कॉइल तीन-चार, टेललाइट आणि डॅशबोर्ड मिळून दोन. बेरीज पंचवीसच्या घरात गेली आणि डायनामो आयडलला फिरतोय, म्हणजे कमाई शून्याजवळ. सगळं बॅटरीतून चाललंय.

इथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. बल्ब मूळ वॉटचे लावा. जाममध्ये उभं राहिल्यावर हेडलाइट बंद करून पार्किंग लाइटवर या. आधी टॅक्सीवाले हेच करायचे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी सिग्नलला दिवे मंद करून का उभ्या असत, याचं उत्तर या बेरजेत आहे.

पाण्याचं म्हणाल तर ओला बेल्ट घसरतो आणि जुन्या वायरीच्या थिंबलवर हिरवा गंज चढतो. त्यासाठी प्रश्न १४.

१३. अल्टरनेटरवर मंद दिवा, किंवा दिवा लागतच नाही आणि चार्जिंगही नाही. संबंध काय?

सुरुवातीचा करंट दिव्यातून जातो, त्यामुळे बल्ब उडाला की बऱ्याच अल्टरनेटरना जाग येत नाही. काहींना जोरात रेस दिल्यावर येते. चावी लावल्यावर लाल दिवा लागलाच नाही तर आधी सगळ्यात स्वस्त प्रश्न सोडवा: बल्ब बदला. हल्ली कोणी तिथे एलईडी लावतात. ती इतका कमी करंट घेते की अल्टरनेटर उठत नाही. पूर्वीचा साधा दोन-अडीच वॉटचा बल्बच हवा.

सगळं चालू असताना दिवा मंद जळत असेल तर एखादा डायोड गेला असेल किंवा मेन वायरमध्ये व्होल्टेज पडत असेल. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड. नसेल तर पुढचं उत्तर वाचा.

१४. सगळे म्हणतात "अर्थिंग बघ". म्हणजे नेमकं काय बघायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण याने मला स्वतःला बुद्धू बनवलंय. माझ्या पद्मिनीला दोन वर्षांत तीन बॅटऱ्या झाल्या. एका नावाजलेल्या गॅरेजने डायनामोसुद्धा बदलला. शेवटी सापडलं काय, तर इंजिन आणि चासी यांना जोडणारा विणलेला पट्टा. एका टोकाला बोल्टखाली रंगाचा थर होता. चासी रंगवताना कोणी तो खरवडला नव्हता.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून बॉडीशी त्याचा विजेचा संबंध त्या पट्ट्यातूनच असतो. तो कमजोर झाला की करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून किंवा चोकच्या तारेतून वाट शोधतो. सेल्फ मारताना चोकची तार गरम लागली तर हेच आहे.

नजरेने बघू नका, मोजा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, चांगली रेस. मीटरचं एक टोक डायनामोच्या अंगाला, दुसरं बॅटरीच्या अर्थच्या खांबाला. ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर मधे कुठेतरी गंज आहे. आता उलट बाजू: अल्टरनेटरचं जाड टर्मिनल ते बॅटरीचा दुसरा खांब. इथे ०.३ ते ०.५ व्होल्टपर्यंत सोसता येतं, त्यापुढे नाही. टोकं एकेक सांधा पुढे सरकवत न्या. जिथे आकडा उडी मारतो तिथे पाना लावा. खरवडा, चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वर थोडं पेट्रोलियम जेली. कट-आउटच्या डबीच्या 'ई' म्हणजे अर्थच्या टर्मिनलची वायर विसरू नका.

१५. माझ्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलाय. कुणाची चूक झाली आहे का?

बहुधा नाही. ब्रिटिश घराण्याच्या अनेक जुन्या गाड्यांत प्लस अर्थ होता. ॲम्बेसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली तीही प्लस अर्थचीच. तुमच्या गाडीत मधे कोणी बदल केला असेल, म्हणून पुस्तकावर नाही, बॅटरीच्या वायरीवर विश्वास ठेवा. प्लस अर्थच्या गाडीत मायनस अर्थचा अल्टरनेटर किंवा स्टिरिओ लावला तर तो एका क्षणात जातो.

१६. रेस वाढवली की लाल दिवा विझण्याऐवजी जास्त उजळतो. असं कधी ऐकलं नाही.

हे क्वचित दिसतं, पण दिसतं आणि अनुभवी माणसालाही चकवतं. दिवा दोन टोकांमधला फरक दाखवतो (प्रश्न ४). रेसबरोबर तो वाढत असेल तर 'डी'चा व्होल्ट बॅटरीच्या वर निघून गेलाय, म्हणजे डायनामो जोमाने काम करतोय, पण कट-आउटचे पॉइंट जुळत नाहीत आणि करंट बॅटरीपर्यंत पोहोचत नाही. डबीची 'ई' वायर सुटली की असं होतं. रेग्युलेटर आणि कट-आउट दोघांचीही कॉइल त्याच अर्थवर चालते, त्यामुळे डायनामोवरचा लगाम सुटतो आणि दार मात्र बंदच राहतं. अशा गाडीला रेस देत बसू नका. इंजिन बंद करून 'ई' वायर बघा.

१७. मेकॅनिक इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "बघा, गाडी बंद पडली नाही, डायनामो ठीक" म्हणतात. ही चाचणी बरोबर आहे का?

डायनामोच्या काळातली जुनी खोड. डायनामोवर ती बहुतेक वेळा खपून जाते, पण सिद्ध काहीच करत नाही. अल्टरनेटरवर बॅटरीचा भार एकदम काढला की व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर जातात. असं करायला निघालेल्याचा हात धरा.

१८. कंटाळून डायनामो काढून अल्टरनेटर लावतो. काय काळजी घ्यायची?

रोज वापरायची गाडी असेल तर खुशाल लावा. प्रदर्शनात न्यायची असेल तर मूळपणाचे गुण जातील. लुकासच्या १७एसीआर जातीचा अल्टरनेटर ३६ अँपिअर देतो, म्हणजे २२ च्या डायनामोच्या दीडपटीहून जास्त. डायनामोसाठी घातलेली मेन वायर तेवढ्याला पुरणार नाही. नवी, जाड टाका. डॅशबोर्डवर अँपिअर-मीटर असेल तर तोही तेवढा करंट सोसतो का ते बघा, कारण सगळा करंट त्यातूनच जातो. आधी मायनस अर्थ करा. जुनी डबी नुसती सांध्यापुरती ठेवा किंवा काढा, पण लाल दिव्याची वायर अल्टरनेटरला न्यायला विसरू नका (प्रश्न १३). पुली बेल्टच्या रुंदीशी आणि रेषेशी जुळली पाहिजे.

१९. घाटात लाल दिवा लागला. कुठवर जाता येईल?

आधी थांबून बॉनेट उघडा. बेल्ट तुटला असेल तर कुठेच जाता येणार नाही, कारण फियाट आणि ॲम्बेसिडर दोघींत तोच बेल्ट पाण्याचा पंप फिरवतो आणि इंजिन तापायला पाच-दहा मिनिटं पुरतात. बेल्ट शाबूत असेल तर इंजिन बंद करू नका, हेडलाइट, पंखा, म्युझिक बंद करा. दिवसा फक्त इग्निशन तीन-चार अँपिअर खातं. ४० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी निम्मी वापरली तरी चार-पाच तास निघतात. रात्री हेडलाइटसह तो वेळ दीड तासाच्याही खाली येतो, आणि बॅटरी आधीच थकलेली असेल तर त्याहून कमी. डिकीत एक जादा बेल्ट आणि तो बदलायला लागणारे दोन पाने ठेवत असाल तर पहिली अडचणही वीस मिनिटांची आहे.